नईमभाईंचा चैत्रमेळा

नईमभाईंना "काही नाही" हे दोन शब्द सहन व्हायचे नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार-सलाम बाजूला ठेवून ते आधी विचारायचे, "काय खबर?" आणि समोरचा सवयीनं "काही नाही" म्हणाला की त्याची वाट अडवून उभे राहायचे. "काही नाही कसं काय, मियाँ? सकाळी उठले, दुकान खोललं, चाय पिली. इतकं झालं आणि काही नाही?" मग तो बिचारा डोकं खाजवून, काल तराजूचं एक पारडं बदललं, असलं काहीतरी आठवून सांगायचा. नईमभाईंचा चेहरा उजळायचा. एवढी मोठी बातमी पोटात घेऊन हा माणूस फिरत होता, याचंच त्यांना नवल वाटायचं.

आणि ती बातमी दुपारपर्यंत शहागंजभर व्हायची. कारण नईमभाईंनी आपल्या दुकानाच्या दाराची एक फळी काळी रंगवून घेतली होती आणि तिच्यावर ते रोज खडूनं बाजाराच्या बातम्या लिहायचे. तेव्हाच्या औरंगाबादेत वर्तमानपत्रं काही कमी येत नव्हती, पण त्यांत दिल्ली-मुंबईचं सगळं असायचं आणि आमच्या गल्लीचं काही नसायचं. फळीवर मात्र "घड्याळवाले जोशी यांचा चष्मा घरी राहिला आहे, दुरुस्तीला उद्या जावे" असं असायचं. "बांगडीवाल्या मालनबाईंना नातू झाला. आज घासाघीस करू नये, त्या आपणहून कमी करतील" असंही. एकदा त्यांनी लिहिलं, "कापडवाले बन्सीलालजी यांच्याकडे नवा पंखा लागला. गिऱ्हाईक नसले तरी चालू असतो, जाऊन बसावे." बन्सीलालजी आठवडाभर फुगून बसले होते. पण आठवडाभर त्यांच्या दुकानात बसायला जागा नव्हती, हेही खरं.

नईमभाईंचा स्वतःचा धंदा स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्तीचा. उंच, काटकुळा देह, अंगाला रॉकेलचा वास आणि सुतार जिथं पेन्सिल खोचतो तिथं, कानावर, स्टोव्हची पिन. घरोघरी गॅसच्या शेगड्या यायला लागल्या तसा धंदा उतरत चालला होता. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायचे, धंदा कमी झाला म्हणून तर फळीला वेळ मिळतो.

मी या बाजारात आले ती नाइलाजानं. माझं माहेर कन्नडचं, शेतीवाडीचं. लग्न करून शहरात आले कारण यांना चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी होती. ती कंपनी बंद पडली. हे पायरीवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे, आणि घरात दोन लेकरं. शेवटी मी हातातल्या पाटल्या मोडल्या, मिरची कांडपाचं विजेवर चालणारं यंत्र घेतलं आणि शहागंजात एक गाळा भाड्यानं घेऊन बसले. होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत बायका वर्षाची चटणी आणि काळा मसाला करून ठेवतात. तेवढ्या हंगामावर आमचं वर्ष निघणार होतं.

गाळा मिळाला तो नेमका बन्सीलालजींच्या भिंतीला भिंत लावून. आता कापडाचं दुकान आणि मिरचीचं कांडप शेजारी असू नये, हे कुणालाही कळेल. मला कळलं नाही, कारण भाडं कमी होतं. यंत्र सुरू झालं की भिंत धडधडायची, आणि मिरचीचा ठसका उंबरा ओलांडून सरळ बन्सीलालजींच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर जाऊन बसायचा. त्यांच्या नव्या पंख्यानं तर तो कोपऱ्याकोपऱ्यात पोचवला.

तरी त्यांनी बरेच दिवस सोसलं. पण लग्नसराईत एक बस्ता आला. मुलाकडची मंडळी, मुलीकडची मंडळी, मधे नवरी. बन्सीलालजींनी शालू उलगडला आणि तिच्या खांद्यावर टाकला. त्याच वेळी मी इकडं लवंगी मिरचीचं पोतं यंत्रात घातलं. नवरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिच्या आईनं बघितलं, तीही रडायला लागली. मुलाची आई शांतपणे म्हणाली, पोरीच्या मनात नसलं तर आत्ताच सांगा, पुढं तमाशा नको. आता गंमत अशी की हे ती डोळे पुसतच म्हणाली, पण आपण का रडतोय याचा विचार करायला तिला फुरसत नव्हती. शालू तिथंच राहिला आणि दोन्हीकडची माणसं दोन दिशांनी गेली.

दुसऱ्या दिवशी बन्सीलालजींनी या जागेतला माझा परवाना रद्द व्हावा म्हणून अर्ज लिहिला. आसपासच्या दुकानदारांनी सह्या केल्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं, शिंका त्यांनाही येतच होत्या. पण परवाना गेला असता तर ऐन हंगामात यंत्र घेऊन मी कुठं जाणार होते? दुसरा गाळा मिळेपर्यंत मिरची संपली असती. यांनी ते ऐकलं आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसले. मला त्या बसण्याची सगळ्यात जास्त भीती वाटायची.

अशा वेळी नईमभाई दारात आले. "काय खबर, सुमनताई?"

मी म्हणाले, "काही नाही."

ते वाट अडवून उभे राहिले नाहीत, रागावलेही नाहीत. यंत्राकडं बघितलं, पायरीवरच्या यांच्याकडं बघितलं आणि कानावरची पिन चाचपत निघून गेले.

पुढचं समजायला नईमभाईंच्या चैत्रमेळ्याबद्दल सांगायला हवं. पाडवा झाला की एका संध्याकाळी ते बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना मंडईमागच्या मोकळ्या जागेत जमवायचे. कागदोपत्री नाव 'व्यापारी वसंत मेळावा', पण सगळे त्याला 'नईमभाईंच्या घरचं लग्न' म्हणायचे, कारण ते त्या दिवशी वधूपित्यासारखे घामाघूम असायचे. पन्हं आणि कैरीची डाळ, एवढाच बेत. त्याला कुणाचा धर्म आड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नसराईची अर्धी कामं त्या संध्याकाळी ठरायची. मंडपवाला भांडेवाल्याला गाठायचा, कापडवाला सराफाला. त्यामुळं मेळा चुकवणं कुणालाच परवडायचं नाही.

मेळ्याला एक नियम होता. तिथं स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची नाही. प्रत्येकानं उठायचं आणि आपल्या डाव्या हाताला बसलेल्याची ओळख करून द्यायची. नाव, गाव, घरी कोण, धंदा काय आणि त्यातलं चांगलं काय. कोण कुणाच्या डावीकडं बसणार ते नईमभाई ठरवायचे आणि आठ दिवस आधी फळीवर लिहायचे. कारण नियमाचा दुसरा भाग जास्त कडक होता. ज्याची ओळख करून द्यायची त्याच्या दुकानात आधी तासभर जाऊन बसायचं. बसल्याशिवाय बोलायचं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांचं याच ओळीत अत्तराचं दुकान होतं आणि शेजारी एक तांब्याच्या भांड्यांचा व्यापारी होता. दोघांचा मांडव एक, चहा एक. रझाकारांच्या दिवसांत तो व्यापारी एका पहाटे बायकापोरांना घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर निघून गेला. पोलिस ॲक्शन झाली, गेलेली माणसं हळूहळू परत यायला लागली. वडील रोज सकाळी आपल्या ओट्याबरोबर त्याचाही ओटा झाडून ठेवायचे. तो आला नाही. तेव्हा कुणाला तरी चौकशीला पाठवावं म्हणून वडील बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्याचं गाव कोणतं, पोरांची नावं काय, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. "अब्बा बोलले, इतकी बरसं मांडीला मांडी लावून बसलो आणि बाजूच्या माणसाचा पत्ता मला सांगता नाही आला." लहानगे नईमभाई तेव्हा जवळच बसलेले होते.

तर अर्जाच्या दुसऱ्या दिवशी फळीवर मेळ्याच्या जोड्या लागल्या. त्यात लिहिलं होतं, "सुमनताई कांडपवाल्या यांची ओळख बन्सीलालजी करून देतील."

बन्सीलालजी फळीसमोर उभे राहून लालेलाल झाले. हिच्याविरुद्ध अर्ज करणारा मीच आणि हिची ओळखही मीच करून देणार? नईमभाई एका स्टोव्हला हवा भरत होते, ते मान वर न करता म्हणाले, "हौ. तुमच्याइतकं त्यांच्या मिरचीबद्दल कोणाला माहिती आहे?"

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हणणाऱ्याला मेळ्यात खुर्ची नव्हती. दोन दिवसांनी बन्सीलालजी आले. शुभ्र धोतर, नाकावर ओला रुमाल. मी स्टूल पुढं केलं आणि, खोटं कशाला सांगू, कमी तिखट ब्याडगी बाजूला ठेवून लवंगीचंच पोतं उघडलं. नईमभाई समोरच्या पायरीवर एक गॅसबत्ती घेऊन बसले होते. बन्सीलालजी उठायला लागले की ते नुसती मान हलवायचे.

सुरुवातीचा वेळ शिंकांत गेला. पण व्यापारी माणूस कितीही रडत असला तरी त्याचे डोळे उघडे असतात. कन्नडच्या, सिल्लोडच्या बायका जीपगाड्यांतून मिरच्यांची गाठोडी घेऊन उतरत होत्या, नंबर लावत होत्या आणि मग करायला काही नाही म्हणून भिंतीला टेकून बसत होत्या. बन्सीलालजींनी रुमालाआडून विचारलं, "या बायका किती वेळ थांबतात?" मी म्हणाले, दुपार जाते कधीकधी. "आणि यांच्यात घरी लग्न असलेल्या किती?" मी म्हणाले, लग्नाचा मसाला करायलाच तर येतात. मग त्यांनी रुमाल खाली घेतला, मोठी थोरली शिंक दिली आणि एका म्हातारीला विचारलं की नवरीची साडी कुठून घेणार.

त्यानंतर मी कांडप दुपारी करायला लागले, बस्त्याची वेळ टाळून. दोन दुकानांच्या मधे बन्सीलालजींनी ओल्या गोणपाटाचा जाड पडदा लावला, तो भिजवायचं काम यांनी घेतलं आणि पायरी सोडली. नंबर लावलेल्या बायका बन्सीलालजींच्या पंख्याखाली जाऊन बसायला लागल्या.

मेळ्याच्या दिवशी बन्सीलालजी उठले. "या माझ्या डाव्या हाताला सुमनताई. माहेर कन्नड. घरी दोन लेकरं, मालक, आणि एक यंत्र. यांच्या मिरचीनं माझ्या दुकानात एक नवरी रडली, हे मी गावभर सांगितलं. त्या पोरीचं लग्न ठरल्याप्रमाणं झालं, हे सांगायचं राहिलं होतं. शालूही माझ्याकडूनच नेला. चटणी मी यांच्याकडची खातो. अर्ज मी मागं घेतला आहे." लोक हसले, टाळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या वेळी जवळपास मिरची नव्हती. माझं घर त्या संध्याकाळी वाचलं. आज लेकरं आपापल्या पायांवर उभी आहेत, त्याची सुरुवात मी तिथून धरते, आणि नईमभाईंचे उपकार कधी फिटतील असं मला वाटत नाही.

त्यांचे आभार मानायला मी वळले तर ते पन्ह्याचे पेले वाटत फिरत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना खुर्चीच नाही. फळीवरच्या जोड्यांत त्यांचं नाव नव्हतं. मी बन्सीलालजींना विचारलं, नईमभाईंची ओळख कोण करून देतं? ते म्हणाले, त्यांची काय करून द्यायची, त्यांना कोण ओळखत नाही? मी विचारलं, राहतात कुठं? घरी कोण आहे? बन्सीलालजींनी पेला तोंडाशी नेला, खाली घेतला, बराच विचार केला आणि शेवटी म्हणाले, "बाई, ते काही माहीत नाही बुवा."

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी मी यंत्र यांच्यावर सोपवलं आणि नईमभाईंच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले. त्यांना वाटलं स्टोव्ह आणलाय. मी म्हणाले, तासभर बसायला आले आहे. त्यांनी चहा मागवला. तो संपला तेव्हा पुन्हा मागवला. जागा झाडली, बर्नर या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवले. बाजारातल्या प्रत्येकाच्या दुकानात दुसऱ्याला बसवणारा हा माणूस, स्वतःच्या दुकानात कुणी बसलं तर हात कुठं ठेवावेत हेच त्याला समजत नव्हतं.

तेवढ्यात एक खेड्यातला म्हातारा स्टोव्ह घेऊन आला. म्हणाला, "भाई, पयल्यासारखा करून द्या. मागच्या बारीला नाय झाला तसा. तुमच्या हाताला लई गुण होता." नईमभाईंनी स्टोव्ह ठेवून घेतला. म्हातारा गेल्यावर बराच वेळ ते बर्नर फिरवत राहिले.

मग म्हणाले, "बरोबर बोलला तो. गुण होता, पण या हाताला नव्हता, ताई."

पुढं तेच बोलत गेले. लग्न झाल्यापासून दुरुस्ती त्यांच्या बायकोच्या हातची होती. तिच्या वडिलांचं सिल्लोडला हेच काम, ती बघून बघून शिकलेली. नईमभाई संध्याकाळी स्टोव्ह पोत्यात घालून घरी न्यायचे, ती चुलीपुढं बसून बर्नर खोलायची, आवाज ऐकून दोष सांगायची, आणि सकाळी ते दुकानात आणून गिऱ्हाइकाला द्यायचे. वाहवा नईमभाईंची व्हायची. घरी येऊन सांगितलं की ती हसायची. मूलबाळ झालं नाही. घरात दोघं आणि लोकांचे स्टोव्ह.

"मी बोललो होतो तिला, बाजारात सांगतो म्हणून. ती बोली, नक्को, लोक तुम्हाला हसतील. मग सांगायचं राहूनच गेलं." मी या बाजारात यायच्या थोडं आधी ती गेली. माहेरच्या मातीत ठेवा म्हणाली होती, म्हणून सिल्लोडला नेलं. बाजाराला वाटलं नईमभाई कुणाच्या लग्नाला गेलेत. परत आल्यावर ते खडू घेऊन फळीसमोर उभे राहिले होते. "सगळ्यांची खबर लिहिली ताई मी, कोणाचं पारडं बदललं तेसुद्धा. तिची काय लिहू? तिला तर इथं कोणी ओळखतच नव्हतं." त्या दिवशी फळी कोरी राहिली. लोक समजले, खडू संपला असेल.

मला माझा पहिला हंगाम आठवला. एका बाईचं दुकान बाजारात टिकावं म्हणून हा माणूस का बसून राहिला होता पायरीवर, ते तेव्हा मला कळलं. मी विचारलं, "नईमभाई, मेळ्यात सांगू?" त्यांनी कानावरची पिन काढली आणि साफ असलेला बर्नर साफ करत बसले. उठताना मी तिचं नाव विचारलं, ते मात्र लगेच सांगितलं.

मेळ्यात सगळ्यांच्या ओळखी झाल्या. नईमभाई पेले गोळा करत होते. मी उठले, माझ्या डावीकडं एक रिकामी खुर्ची ओढली आणि त्यांना बसा म्हणाले. ते तयार होईनात. शेवटी बन्सीलालजींनी त्यांच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खांद्याला धरून बसवलं.

मी माईक घेऊन म्हणाले, "हे नईमभाई. आपल्याला वाटतं आपण यांना ओळखतो." मग सगळं सांगितलं. ज्या हाताची वाहवा या बाजारानं इतकी वर्षं केली तो हात कुणाचा होता, पोत्यातून स्टोव्ह कुठं जायचे आणि कुठून यायचे. "त्यांचं नाव सकीनाबी. माहेर कन्नड. या बाजारात यंत्राचं काम करणाऱ्या पहिल्या बाई त्या, मी नव्हे."

नईमभाई मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी हात वर केला. "ताई, कन्नड नाही. सिल्लोड. कन्नडच्या तुम्ही." लोक हसले, मीही हसले आणि चूक दुरुस्त केली.

पण त्यांचा हात वरच होता. ते म्हणाले, "आणि ते नाव तेवढं परत एकदा घ्या. पाठीमागच्या लोकांना ऐकू नसेल गेलं."

पाठीमागच्या सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं. मी माईक जवळ घेतला आणि पुन्हा एकदा सांगितलं, सकीनाबी.